मागून येणारी अक्षरं

८ जानेवारी

पुन्हा अडकला! सकाळी मी लाइटबिल बघितलं तेव्हा बरा चालत होता. दुपारी पायल बसली आणि अर्ध्या तासात सगळं ठप्प. ती बोटं मारते, पडद्यावर काही नाही. मग एकदम आठ-दहा अक्षरं मागून धावत येतात, ती पुढच्या शब्दावर गेल्यावर. पोरगी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसते.

विनीतने कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर. पुण्याला नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला, हा इथे राहिला. "आई, आता तुझा," म्हणाला. माझा कसला! मी आपली त्याची राखण करते.

पण आता खरी गरज आहे. पायलला मीच जनूकडून मागून आणली, दिवाळीनंतर. भाऊ असला तरी जनू सरळ हो म्हणणारा नाही. बारवी धरणाकडच्या आमच्या गावात टायपिंगचा क्लास कुठला? इथे शहरात, कॅम्प तीनमध्ये, गल्लोगल्ली. त्याने अट घातली — "मार्चात पास झाली तर नोकरीचे फॉर्म भरू दे. नाय झाली तर मी स्थळं बघायला मोकळा." गेल्या वेळी लांबच्या क्लासला ये-जा करून परीक्षा दिली, तर स्पीडमध्येच नापास झाली होती. मी मोठ्या तोंडाने सांगितलं, माझ्या घरी कॉम्प्युटर आहे, दिवसभर बसेल, माझी जबाबदारी. आणि आता हा असा दगा देतोय!

११ जानेवारी

विनीतला फोन. तो सांगतो, मी दाबते. "आई, दोन-दोन अँटिव्हायरस कशाला?" एक काढला. नको असलेल्या फाइल्स हजारोंनी निघाल्या, सगळ्या पुसल्या. चालू होताना जे प्रोग्राम न बोलावता येऊन बसतात त्यांनाही घरचा रस्ता दाखवला. बंद करून पुन्हा चालू. काय पळाला! मी खूश.

पायल बसली. अर्ध्या-पाऊण तासात आमचा बैल पुन्हा खाली बसला.

विनीत म्हणाला, "पायल काही डाउनलोड वगैरे करते का? बघ जरा." मी म्हटलं, नाही रे, गरीब पोर आहे. पण शब्द कानात राहिला.

१४ जानेवारी

संक्रांत. समोरची किर्ती तीळगूळ घ्यायला आली. सिंधी आहे, पण आमच्या गुळाच्या पोळीवर तिचा भारी जीव. कॉम्प्युटरचं कव्हर बघून म्हणाली, "क्या दिमाग लगाया भाभी! जेब भी?"

दिमाग नाही, हात. विनीत गेला त्या आठवड्यात शिवलं. मी घरी काम आणते त्या वर्कशॉपमधून उरलेले जीन्सचे तुकडे आणले, दुपदरी केले, कॉम्प्युटरच्या डब्याला वरपासून खालपर्यंत मापात बसवलं, वायरींपुरती फट ठेवून मागची बाजूही झाकली. बटणापुरतं भोक. पुढे जुन्या पँटचे दोन खिसे — एकात माउस, एकात पेन ड्राइव्ह. रडत रडत शिवलं, पण टीप एक वाकडी नाही. मी दिवसभर शेजारी बसून जीन्सचे धागे कापते, निळा भुस्सा घरभर उडतो. कव्हर नसतं तर डबा कधीच गेला असता. हे सगळं किर्तीला ऐकवत होते तेवढ्यात पायल मध्येच —

"आत्या, चालू असताना काढून ठेवू का ते? डबा गरम लागतो."

बाहेरच्या बाईसमोर! मी म्हटलं, "चालू असतानाच धूळ जास्त ओढतो तो. कव्हरला हात लावायचा नाही." जरा जोरातच म्हटलं. सणाच्या दिवशी गोड बोलायचं राहून गेलं. ती उठून आत गेली.

१९ जानेवारी

कॅम्प दोनमध्ये धाग्याची रिळं आणायला गेले होते, तिथल्या रिपेअरवाल्याला विचारलं. "आंटी, ले आओ, फॉरमॅट मार देंगे." विनीतचे कॉलेजचे फोटो आहेत त्यात! नको बाई.

२४ जानेवारी

क्लासच्या मॅडम रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "पायलचा स्पीड वाढायचा तर कमी होतोय. अक्षर दिसल्याशिवाय पुढचं दाबतच नाही. बोटांना थांबायची सवय लागलीय."

घरी येऊन मी तिलाच झापलं. लक्ष नाही तुझं, मोबाइल बघतेस, अजून काय काय. तिने ऐकून घेतलं. राजेंद्र आमच्याकडे बघत होते. सेकंड शिफ्टला निघता निघता म्हणाले, "जुना झालाय गं तो. एमआयडीसीतली मशिनं बंद पडतात, हा तर घरचा डबा." नवऱ्याला सगळं जुनंच झालेलं दिसतं. सकाळी तर बरा चालतो! पायल बसली की मगच का अडकतो? दिवाळीआधी कधी अडकला नाही. हे कसं काय?

२९ जानेवारी

मन खवळलंय. लिहून टाकते.

कापलेला माल वर्कशॉपला देऊन येत होते. खालच्या जिन्यातच टकटक ऐकू आली. काय तो स्पीड! थांबणं नाही, अडणं नाही. घरात धडा टाइप करताना असा आवाज मी कधी ऐकलेला नाही. धडा म्हणजे दोन अक्षरं आणि गप्प.

वर येऊन दार उघडेपर्यंत आवाज बंद. पायल उठून उभी, चेहरा चोरासारखा. कव्हर डब्यावर होतं, पण उलटं! माउसचा खिसा भिंतीकडे.

"कव्हर काढलं होतंस?"

"नाही आत्या."

धडधडीत खोटं! माझ्या हातचं कव्हर मला ओळखता येत नाही? मी गेल्यावर काढते, मी यायच्या आत घालते. म्हणजे कॉम्प्युटरशी काहीतरी चाललंय जे मला दिसू नये. धडा टाइप करताना बोटं चालत नाहीत आणि कुणाशी गप्पा मारायच्या तर पळतात! मला भोळी समजते का ही?

३१ जानेवारी

जनूला फोन केला. म्हटलं, "तुझ्या पोरीचं लक्ष टायपिंगवर नाही. माझ्यामागे कॉम्प्युटरवर लपवून काहीतरी करते. विचारलं तर खोटं बोलते. समजाव तिला."

समजाव, एवढंच म्हटलं. तो "बरं" म्हणाला.

१ फेब्रुवारी

जनू सकाळीच बाइकवर हजर. पाणीसुद्धा घेतलं नाही. "बॅग भर," पायलला. मी म्हटलं, अरे समजवायला सांगितलं होतं, न्यायला नाही. तर मला म्हणतो, "ताई, पोरीचं नाव गावात खराब व्हायच्या आधी घरी नेलेली बरी. तूच बोललीस ना लपवून करते?"

मीच बोलले होते. आता कुठल्या तोंडाने फिरवू?

पायल रडली नाही. चप्पल घालताना म्हणाली, "आत्या, पंचविसावा धडा अर्धा राहिलाय. पुसू नकोस."

राजेंद्र बाजारातून आले. "पोरगी कुठाय?" सांगितलं. आणलेल्या मटाराची पिशवी तशीच टेबलावर ठेवून आत गेले.

६ फेब्रुवारी

विनीतचे फोटो बघायला बसले. अर्ध्या तासात ठप्प!

पायल नाही. कुणी नाही. मीच आहे.

९ फेब्रुवारी

कव्हर धुतलं. हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून धुतलं. दुपदरी जीन्स ती, गॅलरीत दोरीवर पाणी गाळत बसलीय. कॉम्प्युटर उघडाच चालवला. लाइटबिल, फोटो, विनीतशी व्हिडिओवर बोलणं, दुपारभर. अडकला नाही. असेल, एखादा दिवस असतो.

१० फेब्रुवारी

कव्हर अजून ओलं. कॉम्प्युटर दिवसभर पळतोय.

दोनदा गॅलरीत जाऊन कव्हर चाचपून आले.

११ फेब्रुवारी

कव्हर वाळलं. घातलं. समोर बसून राहिले. अर्ध्या तासात ठप्प. मागून कव्हरच्या आत हात घातला आणि चटका बसून बाहेर ओढला! काढून टाकलं. थोड्या वेळाने पुन्हा पळायला लागला.

कॉम्प्युटरला श्वास घ्यायला जागाच नव्हती. आणि पायल सगळ्यात जास्त वेळ बसायची, म्हणून तिच्याच हाताखाली तापायचा. एवढं सोपं होतं. पोरीने सांगितलं होतं — डबा गरम लागतो.

जिन्यातली ती टकटक. तो धडाच होता! मी गेले की ती कव्हर काढायची आणि कॉम्प्युटर तिच्या बोटांबरोबर चालायचा. तिचा खरा स्पीड मी एकदाच ऐकला आणि त्याचीच चोरी ठरवली. कुणाशी गप्पा मारायच्या असत्या तरी त्या याच अडकलेल्या डब्यावर मारायच्या ना? अर्ध्या तासात अडकणारा डबा गप्पांना तेवढा पळेल? एवढं साधं डोक्यात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. आणि इथे तर चोरही मीच.

खूप रडले.

१२ फेब्रुवारी

राजेंद्रनी स्क्रू काढून डब्याची बाजू उघडली. आतला पंखा दिसेना! त्यावर निळा थर, बोटाएवढा जाड. माझ्याच जीन्सचा भुस्सा. जी धूळ बाहेर ठेवायला कव्हर शिवलं, ती खालून-मागून आत जात होती आणि बाहेर निघायला वाट नव्हती. रंगाच्या ब्रशने काढला तर मूठभर निघाला.  राजेंद्र रागावले असते तर बरं वाटलं असतं. भुस्सा त्यांनी कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला.

१३ फेब्रुवारी

जनूला सगळं सांगितलं. चूक माझी, पोरगी निर्मळ आहे, आत्ता आणून सोड. तो म्हणतो, "आता काय सांगतेस ताई. सोमवारी पाहुणे बघून गेले."

"होकार आला का?"

"अजून नाय."

"मग पाठव तिला. परीक्षेला अजून वेळ आहे. पाया पडते तुझ्या."

"बघतो."

फोन पायलला द्यायला लावला. मी माफी मागितली, तशीच, आडपडदा न ठेवता. ती म्हणाली, "राहू दे गं आत्या." मी विचारलं, कव्हर काढलं होतं तर नाही का म्हणालीस? सरळ भांडली असतीस तरी चाललं असतं!

"विनीतदादा गेला तेव्हा शिवलेलं ना ते. त्याच्यामुळेच कॉम्प्युटर बिघडतो असं बोलले असते तर तुला किती वाईट वाटलं असतं."

 मला वाईट वाटू नये म्हणून ती पोर शिव्या खात होती.

१७ फेब्रुवारी

जनूचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

२४ फेब्रुवारी

आला फोन! "रविवारी आणतो तिला." एवढंच म्हणाला आणि ठेवला. तो तसाच आहे, मनातून विरघळला तरी तोंडावर दाखवणार नाही. मी लगेच क्लासच्या मॅडमकडे गेले. म्हणाल्या, महिनाभर जोर लावला तर निघेल, हात चांगला आहे तिचा. राजेंद्रनी कॉम्प्युटर खिडकीजवळ हलवला, वारा लागेल असा. आज पुष्कळ दिवसांनी दोन घास जास्त खाल्ले दोघांनीही.

२८ फेब्रुवारी

कव्हर उसवलं. कात्री लावताना वाटलं होतं जीव तुटेल. नाही तुटला. त्याची पिशवी शिवली पायलला, खिसे तसेच ठेवून. हॉल तिकीट मोठ्या कप्प्यात, पेन खिशात. धागे कापायचं काम आता गॅलरीत करते. ऊन लागतं, लागू दे.

पंचविसावा धडा पुसलेला नाही. उद्या ती यायच्या आधी उघडून ठेवीन.

१ मार्च, रविवार

आली. जनूबरोबर. कपड्यांची बॅग नाही, हातात बस्त्याची यादी. इथल्या बाजारात साड्या स्वस्त पडतात म्हणून आणली. पाहुण्यांचा होकार मागच्या सोमवारीच आला. "पोरगी नोकरीला नको बोलले. परीक्षेचं राहू दे आता," जनू म्हणाला. मग म्हणाला, "कॉम्प्युटर बरा झाला ना तुझा? प्रेसवाला पत्रिकेचा मजकूर टाइप करून मागतोय."

पायलने पंचविसावा धडा बंद केला आणि बसली. जनू कागदावरून वाचत होता — आमचे येथे श्रीकृपेकरून — आणि ती टाइप करत होती. स्वतःचं नाव, त्याचं नाव, तारीख, मुहूर्त. कीबोर्डकडे एकदाही बघितलं नाही. मी आत चहा ठेवला होता. त्याला उकळी यायच्या आत टकटक थांबली. बाहेर येऊन बघितलं तर तिने पेन ड्राइव्ह काढून नव्या पिशवीच्या खिशात ठेवला होता.