हिरवा ड्रेस आणि सेनापतीचा हात

२ मार्च
कपडेपटाची बैठक. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग एकोणतीसला. दिग्दर्शक म्हणाला, यंदा शेवटी पडद्यामागच्यांनाही रंगमंचावर बोलावणार. इतकी वर्षं या नाट्यगृहात कापड कापते आहे. रंगमंचावर गेले ती फक्त टाचण्या वेचायला.
हिरवा ड्रेस घालणार. स्वतः कापलेला, स्वतःच्या मापाचा. संध्याकाळी घालून पाहिला. चेन चार बोटं उघडी राहिली.
कपाटात दमट हवा असणार. कापड आटलं आहे.

४ मार्च
डॉक्टरबाईंकडे गेले ती झोपेची गोळी मागायला. त्यांनी गोळी सोडून सगळे विषय काढले. मग तो शब्द उच्चारला. रजोनिवृत्ती. मी मागे वळून पाहिलं. दुसरी कोणी नव्हती.
हाडं जरा विरळ झाली आहेत म्हणाल्या. उपाशी राहू नका. तिन्ही वेळा जेवा. अर्धं ताट भाज्या, प्रत्येक जेवणात डाळ, अंडं नाहीतर मासा, रोज दूध-दही. गोड कमी, कॉफी कमी. मी वजन कमी करण्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, आधी नीट जेवा. मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या.
परत येताना नवऱ्याला म्हटलं, थोडक्यात काय, खाणं कमी करायचं. त्याने विचारलं, आपण दोघं एकाच दवाखान्यात गेलो होतो ना.

५ मार्च
आजपासून आहार. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, रात्री सूप. साधं, स्वच्छ, शिस्तीचं.
दुपारी: काकडी अकरालाच संपली.
चार वाजता बटणवालीने केक आणला. ही माझी मदतनीस. बटणं आणि हुक लावते. हात चोख आहे, जिभेला तेवढा टाका घालायचा राहिला. तिचा वाढदिवस, नाही कसं म्हणणार. दोन तुकडे. दुसरा इस्त्रीवाल्याचा. तो रजेवर आहे, वाया गेला असता.

७ मार्च
कपडेपटाच्या खोलीतला पंखा बिघडला आहे. मधूनच हवा बंद होते, मानेपासून कपाळापर्यंत घाम फुटतो, आणि मग गारठा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो स्टुलावर चढला, उतरला, म्हणाला, पंखा छान आहे. बटणवाली म्हणाली, ताई, मग आमच्याच डोक्यावर तो बरा का चालतो?
तिच्याशी जागा बदलून घेतली. तिथेही पंखा बिघडला.

१० मार्च
नवऱ्याने डॉक्टरबाईंचं सगळं ऐकायचं ठरवलं आहे. माझ्या वतीने. तो आणि सासूबाई समोर बसून अंडी, पालेभाजी, डाळ, दही खातात. मी सूप पिते. सासूबाईंनी विचारलं, अगं, पथ्य तुझं आहे की याचं? मी म्हटलं, माझं. मग तू का खात नाहीस, म्हणाल्या. त्यांना समजावणं कठीण आहे.
बिस्किटांचा डबा फार हलका लागला. नवरा म्हणतो, त्याने बिस्किटं सोडली. सासूबाईंना ती चावत नाहीत. म्हणजे घरात उंदीर आहे.

११ मार्च
पिंजरा आणला.

१४ मार्च
चेन लागली. आहाराचा परिणाम दिसू लागला.
दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आतली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, थोडी बाहेर काढली होती, पण ती काही त्यासाठी नव्हे. जुन्या शिवणी आवळतात. त्यांना मोकळं करावं लागतं.

१८ मार्च
नवऱ्याचा पट्टा एक भोक आत गेला. त्याला झोपही छान लागते. जिनाही आता न थांबता चढतो. मी म्हटलं, बघ, माझ्या आहाराचा तुला किती फायदा झाला. 
पिंजरा रिकामा. उंदीर हुशार आहे. काल चॉकलेटही नेलं.

१९ मार्च
सेनापतीचा कोट कापला. नायकाचा मुख्य पोशाख. लाल लोकरी कापड, मोजून आणलेलं, दुकानात आता तसलं नाही. एरवी कापड दुमडून कापते, म्हणजे एकदम डावी-उजवी बाही निघते. हे दुमडण्याइतकं नव्हतं. म्हणून बाह्या सुट्या कापल्या. एक कापली, की कागदी पॅटर्न उलटा करायचा आणि दुसरी कापायची. झोपेतही जमेल असं काम.
सकाळपासून पोटात फक्त पाणी. कात्री दोनदा हातातून निसटली, पण डोकं अगदी स्वच्छ. उपासाने बुद्धीला धार येते.

२० मार्च
बटणवालीने बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहत राहिली. मग विचारलं, ताई, हा सेनापती जन्मापासून असाच आहे का?
दोन्ही डाव्या.
मी पॅटर्न उलटा केला होता. कोणीतरी तो परत सुलटा केला असणार. पंख्याने उडालाही असेल. तो आता जास्तच जोरात चालतो.
कापड चिमूटभरही उरलेलं नाही. बटणवाली गेली आणि कुठूनतरी उकडलेली दोन अंडी घेऊन आली. खा, म्हणाली, नाहीतर उद्या पँटला तीन पाय काढाल. माझा नियम मोडतो म्हणून घेतली नाहीत. तिने माझ्यासमोर खाल्ली. सावकाश.

२१ मार्च
दिग्दर्शकाला सांगितलं. तो कोटासमोर बसून राहिला. पुढच्या नाटकापासून कापायला दुसऱ्या कोणाला बोलवावं का, असं स्वतःशीच पुटपुटला. मला ऐकू येईल इतपत. टेबलाची कड धरून मी उभी होते.
मग त्याने नायकाला बोलावलं. नायकाने कोट चढवला. उजव्या खांद्यावरची बाही कोपरातून उलट्या दिशेला वाकत होती. दिग्दर्शक म्हणाला, हात आत घे. बाही नुसती लोंबू दे. टोक पट्ट्यात खोच.
झालं. सेनापतीने लढाईत उजवा हात गमावला आहे. नायक पत्र डाव्या हाताने लिहायची तालीम करतोय आणि माझ्याकडे बघत नाहीये.
भूमिकेला खोली आली, हे मात्र कोणी मान्य करत नाही.

२६ मार्च
ड्रेस पुन्हा आटला. उरलेली मायाही काढली. आता आत काही शिल्लक नाही, नुसती शिवण. प्रयोगापर्यंत सूपही बंद.
सासूबाई म्हणाल्या, तुझा चेहरा वाळल्या फडक्यासारखा दिसतोय. त्यांना दिसायला कमी झालं आहे.

२९ मार्च, दुपार
काही खाल्लं नाही. चेन बटणवालीने ओढली. इस्त्रीवाला दोन्ही बाजूंनी ड्रेस आवळून उभा. मी श्वास सोडून उभी. लागली. बटणवाली म्हणाली, ताई, आता हसू नका, वाकू नका, आणि जमलं तर श्वासही घेऊ नका.
शिस्तीचा विजय.

३० मार्च
काल पडदा पडला, पुन्हा वर गेला. आम्हाला बोलावलं. मी सेनापतीच्या उजव्या बाजूला. समोर दिवे. मानेपासून कपाळापर्यंत तेच सुरू झालं. वर पाहिलं. रंगमंचावर पंखाच नाही. दोष कोणाला द्यावा ते कळेना. सगळ्यांबरोबर वाकले आणि डोळ्यांपुढे अंधार आला.
पुढचं बटणवालीकडून. मी कोसळले. सेनापतीचा लढाईत तुटलेला हात कोटातून बाहेर आला आणि त्याने मला धरलं.  मग अख्खं नाट्यगृह हसलं, आणि मग टाळ्या. चेन कमरेपर्यंत उसवली होती. सेनापतीने कोट काढून माझ्यावर टाकला. दिग्दर्शक हसता हसता खुर्चीत बसला. म्हणाला, ही कापायलाच राहू दे, पण हिला जेवायला घाला.
सगळ्यात जास्त टाळ्या मला मिळाल्या. हे नोंदवून ठेवते.

३१ मार्च
सकाळी सासूबाईंनी ताट समोर ठेवलं. अंडी, भाजी, पाव, वाटीभर दही. शेजारी बसल्या. म्हणाल्या, तुझ्या वयाची असताना मी दोन वर्षं खिडकीशी भांडत होते. ती उघडी असून हवा कशी देत नाही म्हणून. तू निदान पंख्याशी भांडतेस, तो फिरतो तरी.
मी खायला लागले. सगळं संपवलं. दही पुन्हा घेतलं. सासूबाईंनी नवऱ्याला हाक मारली, अरे, तो पिंजरा उचल, उंदीर जेवायला बसलाय.
दुपारी बटणवालीला माझं माप घ्यायला सांगितलं. तिने आकडा मोठ्याने वाचला. इस्त्रीवाल्याने ऐकला. मी तोच लिहिला.
नवा ड्रेस कापला. पुन्हा हिरवाच. बाह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एक डावी, एक उजवी.
दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडली आहे. कापड आटतं.