'हव'ला 'नाही' मोजल्याबद्दल

चौबे कॉलोनी, रायपूर
मंगळवार

तीर्थरूप नानामामांच्या चरणी रत्नाकरचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. गुडघा आता स्कूटरला किक मारू देतो, हे परवा आपण आमच्या फाटकावरून ज्या वेगानं परत गेलात त्यावरून कळलं, आणि त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं. मामींना नमस्कार. चौबे कॉलोनीतून गावातल्याच बुढापाऱ्याला पत्र लिहिणारा मी बहुधा एकटाच असेन, पण आपण माझा नंबर ब्लॉक केल्यामुळे दुसरा मार्ग उरला नाही. पत्र आपल्या सूनबाईच्या, विनीताच्या हाती पाठवतो आहे, कारण तिच्यावर आपला राग नाही. (तिचाही आपल्यावर नाही. दोघांचा आहे तो माझ्यावर.)

झालं काय, ते मी पहिल्यापासून सांगतो. येत्या रविवारी आईचं सहस्रचंद्रदर्शन. कोण येणार आणि कोण नाही याची मोजदाद माझ्याकडे आली, कारण सांख्यिकी खात्यात जन्म घालवलेल्या माणसाशिवाय ती कोणाकडे जाणार, असं तेव्हा घरात सगळ्यांचं मत होतं. आमच्या लेकीनं, गंधालीनं, बंगळुरूहून इंटरनेटवर एक तक्ता करून दिला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आपापल्या नावापुढं उत्तर लिहायचं, एवढंच. तिचं म्हणणं होतं की 'हो' आणि 'नाही' असे दोनच पर्याय ठेवू, लोक बोट लावून मोकळे होतील. मी म्हटलं, आपली माणसं आहेत, त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू दे. हे माझं वाक्य ती आता मला फोनवर वरचेवर ऐकवते.

पण इंटरनेटवरच्या तक्त्यात मोजणी करणं माझ्या मनाला पटेना. मोजणी आपल्या घरात, आपल्या कॉम्प्युटरवर, दार लावून व्हावी. एक्सेलची वर्गणी संपलेली होती, म्हणून मी लिब्रेऑफिस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम घेतला. (विनीता त्याला 'धर्मशाळा' म्हणते.) त्यात मोठी सोय आहे. बाहेरच्या तक्त्याचा पत्ता द्यायचा, एंटर दाबायचं आणि दर मिनिटाला ताजा हो म्हणून सांगायचं. मग तिकडं बुढापाऱ्यात कोणी उत्तर लिहिलं की इकडं माझ्या तक्त्यात ते आपोआप उमटतं. सुरुवातीला काहीच उमटेना, कारण फाइल उघडली की वर एक पिवळी पट्टी येऊन 'बाहेरची माहिती आत येऊ द्यायची का' असं विचारायची, आणि मी ती जाहिरात समजून मिटवायचो. शेवटी एकदा तिला परवानगी दिली. "आई, माहिती आता जिवंत झाली!" असं मी मोठ्यानं सांगितलं. आई म्हणाली, "मंग आतापर्यंत काय मेलेली होती?" मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा जपाची माळ ओढू लागली.

आता मूळ गोष्ट. मी तक्त्याला सूत्र घातलं: जिथं 'हो' लिहिलं असेल तो येणार, बाकीचे येणार नाहीत. मामा, मी याच शहरात जन्मलो. भाजीवाल्याला, शेजाऱ्याला, स्वतःच्या बायकोला दिवसभर 'हो'ऐवजी 'हव' म्हणतो. झोपेतही म्हणत असेन. पण तक्ता ही लेखी गोष्ट, आणि लेखी म्हटलं की माझ्या हातून आपोआप शाळेतलं मराठी उतरतं. म्हणून 'हो' लिहिलं. नागपूर-पुण्याच्या मंडळींनीही 'हो' लिहिलं, ते सगळे बरोबर मोजले गेले. बुढापाऱ्यानं मात्र मी म्हटल्याप्रमाणे आपल्या शब्दांत उत्तर दिलं.

मी तक्त्यापुढं बसून होतो आणि दर मिनिटाला 'येणार नाहीत' हा आकडा वाढत होता. अख्खा बुढापारा नकार देतो आहे, हे मी डोळ्यांनी बघत होतो. कारणही मला लगेच सापडलं (मंडळाच्या अध्यक्षपदावरून झालेला वाद, ते आता जाऊ दे). मनाला लागलं. पण आपण मोठेपणा सोडायचा नाही, या विचारानं मी त्या सर्वांना एकच संदेश धाडला: 'आपण येऊ शकत नसल्याचे समजले. आपली अनुपस्थिती आम्ही मोठ्या मनाने स्वीकारली आहे. प्रसाद घरी पोचवू.' विनीता म्हणाली, एकाला तरी फोन करून विचारा. मी म्हटलं, आकडे समोर दिसत असताना फोन कशाला?

त्यानंतर आपण आलात. सदर बाजारातून आईसाठी घेतलेल्या साडीची पिशवी हँडलला अडकवलेली होती, असं विनीतानं सांगितलं. मी तेव्हा आतल्या खोलीत आकडे बघत होतो, पण आपला आवाज स्पष्ट आला. "मी हव लिवलं अन् हा मले सांगते का तू येत नाही! बहिणीच्या घरी याले मले याची परमिसन लागते काय?" आणि पिशवीसकट स्कूटर वळली.

मी बाहेर येईपर्यंत आपण कोपऱ्यावर पोचला होतात. आई विचारू लागली की नाना आत काहून नाही आला. मी म्हटलं, मामाच तर येणार नाही म्हणाले होते. ती म्हणाली, दाखव कुठं म्हणाला. तेव्हा मी तक्ता उघडला, तिला शेजारी बसवलं आणि नावांचा रकाना पहिल्यांदाच मोठ्यानं वाचला. (तोवर मी फक्त बेरीज वाचत होतो. आमच्या खात्यात सगळे तेच करायचे.) नाना: हव. शिशिर: हव. रूपाली: हव ना. राधिका: हव हव, सकाळीच येतो. "हव तर म्हणून राहिले सगळे," आई म्हणाली.

मामा, त्यानंतरचा प्रकार मला लिहावासा वाटत नाही, पण तो आपल्याला कळला पाहिजे. आई 'नाना' या नावावर बोट ठेवून बसली होती. तक्ता ताजा झाला आणि तिच्या बोटाखाली 'हव'चं 'नाही' झालं. घरी पोचून आपण उत्तर बदललंत. जिवंत माहितीचा एवढा चोख नमुना मी नोकरीत कधी पाहिला नाही. आईनं चष्मा काढला. म्हणाली, माहेरचं उरलेलं एकच माणूस जर येणार नसेल तर मला ओवाळून घ्यायचं नाही, पाट मांडू नका. तेव्हापासून ती तेवढंच म्हणते आहे.

चूक सर्वस्वी माझी. सूत्र सुधारलं आहे. आता त्यात 'हो', 'हव', 'हाव', 'हां', 'येतो ना' आणि 'बिलकुल' हे सगळं बसतं. शिशिर आणि इतरांकडे मी स्वतः जाऊन हात जोडून आलो. एका घरी चहाही मिळाला. आता फक्त आपण उरलात. लोभ आहेच, तो असाच ठेवावा. नसेल उरला तर आईच्या नावावर उधार द्यावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
रत्नाकर

ता. क. आपण येणारच आहात असं धरून एक लहानशी गोष्ट. आचारी बाबारावांना मी आधीचा, म्हणजे बुढापारा वगळलेला आकडा देऊन बसलो होतो. त्यांनी मोठी पातेली दुसरीकडं एका लग्नाला दिली. आता नवा आकडा सांगितला तर म्हणतात, "भैया, पहले आपस में तय कर लो," आणि फोन ठेवतात. ते आपल्या शेजारचे, आपला शब्द मोडत नाहीत. पत्र घाईनं आजच पाठवण्याचं कारण हे नाही, पण हेही आहे.

ता. क. विनीतानं वरचं वाचलं आणि ती पत्र न्यायला तयार नाही. ते खोडायचं म्हटलं तर खाडाखोड दिसेल, म्हणून तसंच ठेवतो. पातेल्यांचं मी बघून घेईन.

ता. क. हे आई सांगते आहे, मी जसंच्या तसं लिहितो आहे:

नाना, हा म्हणते का मोजणीसाठी कॉम्प्युटर चालू ठेवा लागते, पण खरं म्हणजे मीच याले बंद करू देत नाही. सकाळपासून त्याच्यासमोर बसली आहे. मले त्याच्यातलं काही समजत नाही, फक्त तुझं नाव वाचता येते. लहानपणापासून तू मले कशाले नाही म्हटलं नाही रे. ते पुसून टाक. मी पाहून राहिली.