गॅरेजभर उडालेलं पीठ

आई, उद्या सगळ्या रिसर्च ग्रुपसमोर उभी राहून मी सांगणार आहे, की माझं गेल्या काही वर्षांचं गणित चुकलंय. सर्पिल दीर्घिकांमध्ये, म्हणजे स्पायरल गॅलेक्सींमध्ये, धूळ असते. ती ताऱ्यांचा उजेड अडवते, त्यातही निळा जास्त, म्हणून दीर्घिका आहे त्याहून मंद आणि तांबूस दिसते. किती उजेड अडला ते शोधणं हे माझं काम. मी धूळ समोर धरलेल्या पडद्यासारखी मानली. पण अडलेल्या उजेडाने धूळ तापते आणि तो इन्फ्रारेडमध्ये बाहेर टाकते. त्या इन्फ्रारेडवरून धूळ मोजली, तर माझे आकडे जुळेनात. शेजारच्या टेबलवरचा नागपूरचा मित्र म्हणाला, "सगळे असंच करतात यार. आत्ता बोललीस तर काँट्रॅक्ट रिन्यू होणार नाही तुझं."

तेव्हा तू आठवलीस. शुगर लँडच्या आपल्या घराचं गॅरेज, दिवाळीआधीचा दमट रविवार. हॉस्पिटलमधून आल्या आल्या नाकाला ओढणी बांधून तू घरघंटीवर चकलीची भाजणी दळतेयस, कारण किचनमध्ये पीठ उडालेलं तुला खपत नाही. उजेड अंधुक वाटतो म्हणून मी खिडकी पुसतेय, पुन्हा पुन्हा. "मॉम, इट्स नॉट गेटिंग क्लीन!" तू घरघंटी बंद करतेस. "काच काय पुसतेस? अक्कल गहाण ठेवलीस का? पीठ गॅरेजभर उडतंय. जवळचा दिवा बघ कसा लख्ख दिसतो, आणि कोपऱ्यातला मिणमिणता. काचेचा काय दोष?" मला रडूच आलं. संध्याकाळी पहिली चकली तू मलाच दिलीस, पण शब्द काही मागे घेतला नाहीस.

तेच झालं बघ. धूळ ताऱ्यांमध्ये मिसळलेली आणि मी काच पुसत बसले. अलीकडचे तारे स्वच्छ दिसतात, पलीकडचे बुडून जातात, मग नुसत्या रंगावरून धूळ कमीच वाटते. उद्या हे सांगणारच. काँट्रॅक्ट गेलं तर गेलं. नवं गणित मांडायला घेतलंय, आणि ते मीच पुरं करणार. तुझी मुलगी आहे, शब्द मागे घ्यायची सवय नाही. भीती वाटतेय, तरीही.

हे तुला पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. घरघंटी पुसून, गुंडाळून ठेवली असं मी बाबांना सांगितलंय. पुसलेली नाही. झाकणाच्या कडेला तू दळलेलं शेवटचं पीठ अजून आहे, आणि ते काढायला माझा हात होत नाही.