उपकारस्तुतीची घाई

भिंगार,
११ ऑगस्ट २०२५

ती. स्टेला आत्यास,
कृपाचा सप्रेम सलाम वि. वि.

हातात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. पण मी फोनवर बोलायला लागले की पप्पा शेजारी येऊन उभे राहतात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला, तुला ऐकू जाईल अशा आवाजात, दुजोरा देतात. त्यांच्याबद्दलच काही सांगायचं असलं तर कसं सांगणार? शिवाय जर्मनीत तीस वर्षं काढूनही तुला हातानं लिहिलेलं मराठी वाचायला आवडतं, हे तूच सांगितलं आहेस. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तर बातमी अशी की काल चर्चमध्ये माझ्या नावानं उपकारस्तुती झाली. तू मागच्या आठवड्यात पप्पांना सांगितलंस ना, की माझं विद्यापीठ तिकडच्या यादीत सापडलं म्हणून? पप्पांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले की तुझी पदवी जर्मनीत मान्य झाली. मी म्हटलं, पप्पा, अजून साधा अर्ज केलेला नाही. तर म्हणतात, शाळा मान्य असली की शाळेचा दाखला मान्य असतोच, जन्मभर मास्तरकी करून मला एवढं कळतं.

रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, की शांतवन मास्तरांच्या कन्येची फिजिओथेरपीची पदवी परदेशात मान्य झाल्याबद्दल मास्तर देवाचे आभार मानतात. पप्पा उभे राहून साक्षही देऊन आले. मग चहा, बालूशाही, फोटो. महिला मंडळानं मला चाकांची मोठी बॅग दिली. आमच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या बनुबाईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करायलाही घेतली आहे. मी जाणार कधी, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं फक्त आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी, कारण त्याही उपासनेला होत्या. दुसरा माणूस कधीपासून बघू, असं त्यांनी म्हटलं आणि मी तोंड उघडायच्या आत पप्पांनी महिनाअखेर सांगून टाकली. आज मी राजीनामा लिहून दिला.

आत्या, मला यायचं आहे. आईला पक्षाघात झाला तेव्हा तिला पुन्हा चालतं करायला जे यायला हवं होतं ते मला पुरेसं येत नव्हतं. ते तुमच्याकडे नीट शिकता येईल असं तू म्हणाली होतीस, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. फक्त पप्पांचं काय, हा विचार मनात आला की पुढचं सुचत नाही. ते मात्र असे खुशीत आहेत की जसं काही त्यांनाच बोलावणं आलं आहे.

तुझा गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करत नसशील, याची मला खात्री आहे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
कृपा


कासेल, जर्मनी
२४ ऑगस्ट २०२५

चि. कृपास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि मी डोक्याला हात लावून बसले. लगेच फोन केला तर तो दादानं उचलला. इतका आनंदात होता की माझ्या तोंडून खरं काही निघेना. इथल्या हवेबद्दल बोलले आणि ठेवून दिला. म्हणून आता मीही कागदच घेतला आहे.

बाळा, यादीत विद्यापीठ असणं म्हणजे ते विद्यापीठ खरं आहे, एवढंच. दुसऱ्या एखाद्या नोकरीला तेवढं पुरलं असतं. पण ज्या कामात माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याला इथे सरकारची परवानगी लागते. इथल्या राज्याचं खातं तुझा अभ्यासक्रम इथल्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवतं आणि एकेक विषय जुळतो का ते पाहतं. कोणता विषय किती तास शिकलीस, दवाखान्यात प्रत्यक्ष काम किती केलंस, सगळं. त्याला महिने लागतात, आणि उत्तर हो, नाही किंवा अर्धवट, यातलं काहीही येऊ शकतं. हे मी दादाला सांगत होते, पण यादीत नाव आहे म्हटल्याबरोबर त्यानं हालेलूया म्हटलं आणि फोन ठेवला. चूक माझीही आहे. आधी वाईट सांगून मग चांगलं सांगायला हवं होतं. आपल्या दादाचा स्वभाव मला काय नवा आहे?

आता रडत बसू नकोस. कॉलेजकडून विषयवार तासांचा तक्ता सही-शिक्क्यानिशी घे. कारकून उद्या या म्हणेल, उद्या जा. भाषांतराचं इथे मी बघते. जर्मनचा क्लास सोडू नकोस, कारण शेवटी परवानगी भाषेवरही अडते. आणि दादाला सगळं समजावून सांग, पण जेवण झाल्यावर. उपाशीपोटी त्याला काहीच पटत नाही, हे तुझी आई मला पहिल्याच वर्षी सांगून गेली होती.

मला एकच नवल वाटतं. हा माणूस रेल्वेच्या तिकिटावरची तारीख तीनदा वाचतो. तुझ्या दहावीच्या निकालाच्या वेळी स्वतः शाळेत जाऊन गुण ताडून पाहिल्याशिवाय पेढा कुणाला दिला नव्हता. यावेळीच एवढी घाई त्याला कुठून सुचली?

माझ्या गुडघ्याची चौकशी पुन्हा करू नकोस. ये आणि बघ. तुझी आठवण रोज निघते.

तुझी,
आत्या


भिंगार,
१७ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
कृपाचा सलाम वि. वि.

उत्तर आलं. तुला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं होतं, आता सविस्तर लिहिते. पदवी नाकारली नाही, पण पुरी मानलीही नाही. मसाज आणि पाण्यातले व्यायाम यांचे तास कमी पडले. शरीररचना, हाडं, मज्जासंस्था, सगळ्यात पास, आणि मसाजमध्ये नापास! सप्टेंबरपासून घरी बसून मी भिंगारमधल्या निवृत्त सुभेदारांचे आणि हवालदारांचे गुडघे रगडते आहे, ते कुणाच्या हिशेबात नाही. आता एक तर तिकडे परीक्षा द्यायची, नाही तर काही महिन्यांचं प्रशिक्षण त्यांच्या हॉस्पिटलात पुरं करायचं. तुझ्या गावच्या हॉस्पिटलनं मला प्रशिक्षणाला घ्यायची तयारी दाखवली, ते तुझ्या खटपटीमुळेच. पण त्यांना मार्च संपायच्या आत होकार हवा आहे.

आणि नेमकं आताच इकडे डॉक्टरबाईंनी मला परत बोलावलं आहे. माझ्या जागी आलेली मुलगी लग्न होऊन संगमनेरला चालली. बाई म्हणाल्या, तुझी खुर्ची तशीच आहे, मार्चअखेर सांग. दोन्हीकडून एकच मुदत, गंमत बघ.

पण खरी काळजी पप्पांची आहे. तुझं पहिलं पत्र आल्यावर मी त्यांना सगळं समजावलं होतं (जेवणानंतरच). तेव्हा ते म्हणाले, असू दे, उत्तर आलं की सगळं सरळ होईल. त्यानंतर चर्चमध्ये लोक मला अजून गेली नाहीस का म्हणून विचारायचे, तर पप्पाच हसून उत्तर द्यायचे की सरकारी काम आहे, जर्मनीचं असलं म्हणून काय झालं. बनुबाईच्या चटणीचे दोन डबे आम्हीच संपवले. तोवर त्यांना कशाचंच काही वाटलं नाही. हे उत्तर आलं त्या दिवशी मात्र त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, बरं म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. तेव्हापासून रविवारी चर्चला गेले नाहीत. पाय दुखतो म्हणतात. मी पाय तपासला, त्याला काही झालेलं नाही. आत्या, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा ते उपासनेला गेले होते.

मला वाटतं, सगळ्यांसमोर आभार मानले आणि ते खोटे ठरले, याची त्यांना लाज वाटते. माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली. अशा अवस्थेत त्यांना एकटं टाकून मी विमानात कशी बसू? मी त्यांना सांगितलं की तुम्ही म्हणाल तसं करू. रहा म्हणालात तर राहीन, आणि मनात काही ठेवणार नाही. ते काही बोलले नाहीत. तू त्यांना लिही. तुझं ते ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
कृपा


कासेल,
३ मार्च २०२६

ती. दादास,
स्टेलाचा सप्रेम सलाम वि. वि.

कृपाचं पत्र आलं. दादा, तू चर्चला जात नाहीस, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. एवढं काय झालं? तू घाईनं आभार मानलेस, इतकंच ना? देवानं ते परत केले का? लोक काय म्हणतील म्हणून घरात बसायला आपण कधी शिकलो? मी नर्स होऊन परदेशी जायला निघाले तेव्हा अर्ध्या नगरनं नाकं मुरडली होती. तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन भर बाजारातून स्टँडवर चालत गेलेला माणूस तूच ना?

पुढच्या रविवारी जा, उभा रहा आणि सांग की माझं ऐकण्यात चुकलं, मुलीचं काम अर्धं झालंय, अर्धं राहिलंय. संपलं. कुणी तुला खाऊन टाकणार नाही.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच आहे. तिनं निर्णय तुझ्यावर टाकला आहे आणि तू गप्प आहेस. दादा, तू गप्प राहिलास की ती त्याचा अर्थ रहा असा घेईल. ती चांगली मुलगी आहे, म्हणून तिला तसं करू देऊ नकोस. तुला ती जवळ हवी असली तर तसं तोंडानं सांग, मी तुला वाईट म्हणणार नाही. वहिनी गेल्यापासून तुझी संध्याकाळ कशी जाते ते मला कळतं, कारण माझीही तशीच जाते. पण जे काय ते बोल.

मी भांडले म्हणून रागावू नकोस. भांडायला मला तुझ्याशिवाय कोण आहे? प्रकृतीस जप.

तुझी धाकटी,
स्टेला


भिंगार,
रविवार, २२ मार्च २०२६

चि. कृपास,
पप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच घरात राहून बापानं मुलीला पत्र लिहावं, हे तुला चमत्कारिक वाटेल. तू तरुण संघाच्या सभेला गेली आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. समोर बसून बोललो असतो, पण मला माझ्या आवाजाचा भरवसा नाही.

आज मी उपासनेला आलो ते तू पाहिलंसच. उभा राहून काय बोललो तेही ऐकलंस, की मी अर्ध्या कामाचे पूर्ण आभार मानले होते. मी बसलो तेव्हा बनुबाई मागून काय म्हणाली ते तुला पुढे तरुण संघाच्या बाकांवर ऐकू आलं नसेल. म्हणाली, मास्तर, आभार मानल्यानं कुनाचं काय कमी हुतं व्हय? एवढंच बोलली आणि गीतपुस्तक उघडून बसली. लोकांची भीती मला कधीच नव्हती, कृपा. तुझ्या आत्याचा आणि तुझा दोघींचाही समज चुकीचा आहे. तो तसाच राहू दिला असता तर मला सोयीचं होतं, पण आज वेदीसमोर उभा राहून आल्यावर तेवढी हिंमत राहिली नाही.

आत्यानं तुझ्या पत्रात विचारलं होतं, मला एवढी घाई कुठून सुचली; ते तूच मला वाचून दाखवलं होतंस. तर ऐक. तिचा फोन आला त्याच क्षणी मला कळलं होतं की अजून बरंच बाकी आहे. मी मास्तर माणूस, प्रवेश आणि निकाल यातला फरक मला कळत नाही असं तुला वाटलं का? पण मला हेही कळलं होतं की वाट पाहायला बसलो तर त्या महिन्यांत मी एखाद्या संध्याकाळी तुला जाऊ नकोस म्हणेन. चार माणसांत, देवासमोर बोललेलं मला मागे घेता येत नाही. म्हणून मी मुद्दाम उभा राहिलो, मुद्दाम महिनाअखेर सांगितली. मला माझं स्वतःचंच दार लावून घ्यायचं होतं. त्यापायी तुला इतके महिने नोकरीवाचून घरी बसावं लागेल, हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. त्याबद्दल मला माफ कर.

मग फेब्रुवारीत ते उत्तर आलं. तू वाचलंस, पुन्हा वाचलंस, तुझा चेहरा पडला होता. आणि मला, तुझ्या बापाला, आनंद झाला. आता ही कुठे जात नाही, असं मनात आलं. अंगणात जाऊन बसलो तो त्या आनंदासकट बसलो. आई आजारी असताना तू रात्रंदिवस कशी झटलीस ते मी पाहिलं आहे, आणि तुला जे शिकायचं आहे ते अडलं म्हणून मी खूश झालो. असं मन घेऊन मला प्रभूच्या घरात पाऊल टाकवेना. पाय दुखतो म्हणालो ते त्यामुळे.

तू निर्णय माझ्यावर टाकलास. तो मी आता देतो, आणि पुन्हा विचारू नकोस, कारण दुसऱ्यांदा विचारलंस तर उत्तर बदलेल. डॉक्टरबाईंना नाही म्हणून कळव. आत्याच्या गावच्या हॉस्पिटलला आज रात्रीच होकार पाठव. जे तास कमी पडले ते पुरे कर.

माझ्या जेवणाखाणाची चिंता करू नकोस. वरण-भात मला येतो, आणि न आवडणाऱ्या भाज्या खा म्हणायला कुणी नसेल, हा फायदाच आहे. तू निघालीस की मला रडू येईल. ते मी आवरणार नाही, आणि तूही ते बघून मागे फिरू नकोस.

हे वाचून झालं की बाहेर ये. मी ओट्यावर बसलो आहे. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस.

तुझे,
पप्पा