सरदार शिंकला की पादला

ता. १४, मंगळवार, दुपार

लाडक्या लेकीस,

तुझ्या आईचा आशीर्वाद. गुडघा जागेवर आहे, जीभही. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मशीन थांबवून लिहायला बसल्यात. तेव्हा चुका त्यांच्या, शहाणपण माझं.

तुझी भिंगरी आता वाचते. अडखळत, बोट ठेवून, पण वाचते. सात वर्षांच्या पोरीने वाचावं, आनंदच आहे. माझी मात्र परवा चोरी पकडली गेली.

शाळेतून आली की शेंबड्या सरदाराचं कॉमिक घेऊन ती मला चिकटते. हा सरदार नाकातून शेंबडाची दोरी सोडतो आणि विहिरीत पडलेल्यांना वर ओढतो. (शिंपीणबाई तोंड वाकडं करताहेत. लिहा हो, तुमच्या नाकातून काय अत्तर गळतं?) मी चित्रं बघायची आणि तोंडाला येईल ते वाचायचं. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. परवा तिने पानावर बोट ठेवलं.

"आजी, इथे सरदार नुसता शिंकलाय. तू त्याला पादवलंस!"

"चित्रात हिरवा ढग आहे ना गं."

"तुला वाचताच येत नाही?"

"डोळे अधू झालेत."

"आजी!"

"नाही येत."

हसून हसून गडाबडा लोळली. म्हणाली, तुझाच सरदार भारी. मग एकदम उठून बसली. "आणि आईची पत्रं?"

म्हटलं, ती आधी शिंपीणबाई मला वाचून दाखवतात. हे खरंच आहे. पुढचं नाही सांगितलं.

बाई गं, तुझी पत्रं चार ओळींची. औषध घे, तेल लाव, हॉटेलात चादरींचे ढीग पडलेत, काळजी नसावी. मी तिच्यासमोर कागद धरला की त्याची दोन पानं होतात. तुझ्या कपडे धुण्याच्या मशीनमध्ये कुजक्या मोज्यांचा राक्षस राहतो. त्याच्या वासाने मॅनेजर आडवा झाला. तू एकच ढेकर दिलास आणि राक्षस खिडकीबाहेर! शेवटी 'माझ्या भिंगरीला पापा', ते दर वेळी. पोरगी शाळेत सांगत फिरते, माझी आई ढेकर देऊन राक्षस मारते.

पत्रांचा डबा मी कपाटावरून उतरवून पिठाच्या पिंपात दडवलाय. तुझं जोडून लिहिलेलं अक्षर तिला अजून लागत नाही. महिनाभरात लागेल, पोर हुशार आहे, कुणावर गेली देव जाणे. राक्षस सापडला नाही तर मला लबाड म्हणेल. म्हणू दे, आहेच मी. पण चौदा पत्रांत ती स्वतःचं नाव शोधेल, आणि ते एकातही नाही.

का लिहीत नाहीस, विचारत नाही. नाव काढलं की पुढे लिहवत नसेल. पण भांडून गेलीस ती माझ्याशी, तिच्याशी नव्हे. शिंपीणबाई, हे खोडायचं नाही.

सोबतचा घडी केलेला कागद तिचा आहे. मला बजावलंय, "हे तू कुणाकडून वाचूनही घ्यायचं नाहीस." नाही घेतलं. तिने काय विचारलंय ठाऊक नाही, आणि त्याचं उत्तर मला रचता येणार नाही. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिही. पाकिटावर तिचं नाव घाल, माझं नको.

आजवर तुझ्या तोंडी माझे शब्द घालत आलेली,
तुझी आई