खुर्ची कोणत्या रकान्यात?

शिकागो, १९ जानेवारी

ओडेसामावशीस लूशसचा नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल आणि तिकडे मिसिसिपीत ओसरीवर बसण्याइतकं ऊन असेल, असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम (म्हणजे या महिन्यात एकाही अंत्यविधीला जावं लागलं नाही).

माझं काम तुला ठाऊकच आहे. गल्लीत कुणी पिस्तुलाची भाषा करू लागला की मध्ये उभं राहायचं आणि बोलत राहायचं. याचा काही उपयोग होतो का, हे तपासायला विद्यापीठाने लिंडक्विस्ट नावाच्या बाई धाडल्यात. आमचं काम पुढे चालू राहायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार. बाई गुणी आहेत, पण या थंडीत पातळ बूट घालून माझ्यामागे हिंडतात. मंगळवारी त्यांच्यादेखतच प्रकरण पेटलं. कॉर्टलँडने (वय तीस, मन चांगलं, डोकं गरम) सकाळभर बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे (ज्याने बर्फ उपसला त्याची जागा) ती राखायला तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची मांडली. शेजारच्या टायरीने खुर्ची बाजूला भिरकावली नि आपली गाडी लावली. दुपारी कॉर्टलँड घरातून निघाला तो उजवा हात कोटाच्या खिशात घालूनच.

"लूशसकाका, बाजूला हो," म्हणाला. मी म्हटलं, "होतो रे, पण पाय गोठलेत, जरा दम धर." वरून खिडकीतून टायरी, "येऊ दे त्याला, खुर्चीचा राजा!" दोन तास मी त्याच्या आईबद्दल, लेकीबद्दल, सुचेल त्याबद्दल बोलत होतो. तेवढ्यात बाई गारठून त्याच खुर्चीवर बसल्या आणि लिहू लागल्या. बाई बसलेल्या असताना त्या खुर्चीपायी रक्त सांडणं दोघांनाही जरा अवघड वाटलं. टायरी बडबडत खाली आला, गाडी काढली.

मग बाईंचा तक्ता. भांडणाचं कारण: टोळी, लूट की घरगुती? मी म्हटलं, खुर्ची. तसा रकाना नव्हता. "तुम्ही नसता तर गोळी सुटली असती?" ठाऊक नाही म्हटलं. "मग मी मोजू काय, मिस्टर ब्लेडसो?" खवचटपणे नव्हे, अगदी काकुळतीने विचारलं त्यांनी. (स्वतः खुर्चीवर बसल्या, ते त्यांनी कुठेच लिहिलं नाही.)

असो. चर्चमधल्या मंडळींना माझी आठवण सांग.

तुझा,
लूशस

ता. क. प्रकरण मिटलं ते अर्धंच. टायरीचा थोरला भाऊ शनिवारी गावात येतोय, आणि त्याला हे सगळं कळलंय. तेव्हा हे पाकीट घेऊन तुझ्या दारात जो उभा आहे, तोच कॉर्टलँड. महिनाभर ठेवून घे. आधी विचारायला हवं होतं, पण तू नाही म्हणाली असतीस तर काय, ही भीती होती.

ता. ता. क. पिस्तूल लूशसकाकाकडे ठेवून आलो, असं तो सांगेल, आणि एक माझ्यापाशी आहेही. तरी बॅग उघडून बघ. शहाऐंशी साली आईने मला असंच तुझ्याकडे धाडलं, तेव्हा तू आधी माझी बॅग उघडलीस आणि मग जेवायला वाढलंस. त्यात सापडलेल्याचं काय केलंस, ते मी आजवर विचारलेलं नाही.