तिसऱ्या गाण्यातली जागा

प्रिय आई,

पाया पडायला तू समोर नाहीस, म्हणून या पहिल्या ओळीतच वाकून नमस्कार.

आमच्या जॅझ बँडच्या अल्बमचं रेकॉर्डिंग काल संपलं. आम्ही सतरा वादक आणि प्रत्येक गाण्याला एक पाहुणा कलाकार, नुसती लग्नघरासारखी गडबड! मी मजेत आहे. फुंकून फुंकून ओठ जरा सुजलाय, पण जेवते व्यवस्थित.

एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या गाण्यात मी एकटी ट्रॉम्बोन वाजवणार होते ना, ती जागा पाहुण्या गायिकेला दिली. मी रागावले नाही, फक्त दोन दिवस कुणाशी बोलले नाही. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, त्यांना तूच हळूच सांग.

गायिका सत्तरीची. शेवटची लांब ओळ गाताना दोनदा तिचा श्वास तुटला. तिसऱ्यांदाही तुटणार असं दिसलं, तेव्हा मी न विचारताच ट्रॉम्बोनवर तिचा सूर हलकेच धरला. तेवढ्यात तिने श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.

बँडप्रमुख माझ्यावर ओरडणार, इतक्यात तीच म्हणाली, "हे असंच राहू दे. आणि पोरी, तू मागे का बसलीस? इकडे ये, माझ्या शेजारी."

मग आम्ही दोघींनी एकाच माइकपुढे उभं राहून ते गाणं पुन्हा केलं.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात की तू ओरडल्यावरच?

अल्बम पाठवते. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी गायिका श्वासापुरती थांबते, पण सूर चालूच राहतो, तिथे मी आहे. बाबांना तेवढं दोनदा ऐकव.

तुझीच,
धाकटी